गाडी ढकलणारा ॲक्सल

गाडी इंजिनावर चालते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इंजिन मात्र थेट कशालाच ढकलत नाही, ते फक्त एक दांडा फिरवते. तो फिरता जोर मागे जातो, काटकोनात वळतो, दोन चाकांत वाटला जातो आणि टायर रस्त्याला मागे रेटतो. रस्ता टायरला पुढे रेटतो, टायर ॲक्सलला रेटतो आणि ॲक्सल चॅसिसला रेटतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन, सीट, काचा आणि आतली माणसे या सगळ्यांना पुढे नेणारा शेवटचा धक्का मागच्या ॲक्सलमधून येतो.

अमेरिकेत १९४९ पूर्वीच्या जुन्या गाड्यांमध्ये नवे इंजिन, नवे ब्रेक आणि नवा ॲक्सल बसवून त्या रोजच्या रस्त्यावर चालवण्याचा एक मोठा छंद आहे. अशा गाडीला तिथे स्ट्रीट रॉड म्हणतात. या गाड्यांचे कौतुक बहुतेक वेळा त्यांच्या रंगाचे आणि इंजिनाचे होते. पण जुन्या गाडीत केलेला बदल पक्का आहे की कच्चा, हे मागच्या चाकांखाली वाकून पाहिल्यावर कळते. मागचा ॲक्सल बदलणे म्हणजे जोर कुठून कुठे जाणार याचा मार्ग नव्याने आखणे. हा मार्ग आधी कागदावर उमटला, तर पुढचे काम सोपे होते. तो न आखताच वेल्डिंगची गन हातात घेतली, तर कितीही महागडे सुटे भाग आणले तरी गाडी सरळ धावत नाही.

हे नीट समजण्यासाठी एक गाडी नजरेसमोर ठेवू. १९३२ सालची फोर्ड.

फोर्डची मूळ योजना

फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिनाची गाडी आणली. इंजिन २२१ घन इंचाचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे होते आणि त्याची शक्ती ६५ अश्वशक्ती होती. गाडी हलकी, चॅसिस साधी आणि किंमत कमी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी याच गाड्या स्वस्तात घेतल्या, मडगार्ड काढून टाकले आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर त्या पळवल्या. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले आणि छंदाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले.

या फोर्डच्या मागच्या भागाची रचना आजच्या मेकॅनिकला अनोळखी वाटेल. आज गिअरबॉक्सपासून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट उघडा असतो. त्या फोर्डमध्ये तो एका जाड नळीत बंद होता. या नळीला टॉर्क ट्यूब म्हणतात. नळीचे मागचे टोक ॲक्सलच्या हाऊसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, बोल्टने घट्ट जोडलेले असे, तर पुढचे टोक गिअरबॉक्सच्या मागे गोलाकार सांध्यात बसे. संपूर्ण शाफ्टला एकच क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट होता आणि तो या सांध्याच्या आत लपलेला होता. ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून निघालेले दोन तिरपे दांडे याच नळीला पुढे येऊन मिळत. ॲक्सलने दिलेला धक्का नळीतून पुढे जाऊन गिअरबॉक्सच्या आधारांमार्फत चॅसिसला पोहोचे.

या रचनेमुळे पाट्याचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे काम अगदी सोपे झाले होते. आपल्याकडच्या ट्रकला पाटे गाडीच्या लांबीत बसवलेले असतात. फोर्डने मागे एकच पाटा आडवा बसवला होता. तो मुख्यतः वजन पेले. ॲक्सलला पुढे-मागे सरकू न देणे, त्याला पिळू न देणे ही कामे नळी आणि दांडे करत. कामांची ही वाटणी लक्षात ठेवायला हवी. पुढे ॲक्सल बदलताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ ती विसरण्यात असते.

बदलायचे कशासाठी?

मूळ ॲक्सल त्याच्या काळात उत्तम होता. तो ६५ अश्वशक्तीसाठी बनवलेला होता. १९५५ मध्ये शेव्हरोलेने २६५ घन इंचाचे छोटे, हलके व्ही-८ इंजिन आणले. त्याची साध्यातली साधी आवृत्तीही १६२ अश्वशक्ती देत होती. हॉट रॉड बांधणाऱ्यांनी हेच इंजिन जुन्या फोर्डमध्ये बसवायला सुरुवात केली आणि मागच्या ॲक्सलवर अडीचपट शक्ती येऊन पडली. पुढे इंजिने ३०० अश्वशक्तीच्या पार गेली.

जुन्या ॲक्सलची दुसरी अडचण हबची, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाची. चाकाकडचे शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यात एक चावी बसते आणि हब नटाने आवळलेला असतो. हा नट पुरेसा आवळला नाही तर जोर चावीवर येतो आणि शाफ्ट तिथेच चिरतो. शाफ्ट टोकाशी तुटला तर हब, ड्रम आणि चाक धरून ठेवणारे दुसरे काही उरत नाही. हब काढायलाही खास पुलर लागतो.

तिसरी अडचण ब्रेकची. फोर्डने १९३८ पर्यंत यांत्रिक ब्रेक वापरले, हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या गाड्यांत आले. शिवाय १९४९ च्या नव्या फोर्डमध्ये टॉर्क ट्यूब आणि आडवा पाटा दोन्ही गेले आणि उघडा प्रोपेलर शाफ्ट व लांबीत बसवलेले दोन पाटे आले. म्हणजे कंपनीने स्वतःच ती योजना सोडली होती. उघड्या शाफ्टसाठी बनलेला आधुनिक गिअरबॉक्स बसवायचा ठरला की बंद नळीचा मूळ ॲक्सल तसाच ठेवणे अवघड होते.

कोणता ॲक्सल निवडावा

हॉट रॉडच्या जगात सर्वांत जास्त मान मिळालेला ॲक्सल फोर्डचाच आहे. त्याला ‘नऊ इंची’ म्हणतात, कारण त्याच्या क्राऊन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास नऊ इंच आहे. तो १९५७ च्या गाड्यांत आला आणि १९८६ पर्यंत कारखान्यातून निघत राहिला. त्याची कीर्ती तीन गोष्टींवर उभी आहे.

पहिली गोष्ट दुरुस्तीची सोय. हाऊसिंगच्या पुढच्या तोंडावरचे १० नट काढले की क्राऊन, त्याला फिरवणारा छोटा पिनियन आणि जोर दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल यांचा पूर्ण गाभा एकसंध बाहेर येतो. तो टेबलावर ठेवून नीट जुळवता येतो. दातांच्या वेगळ्या गुणोत्तराचा दुसरा गाभा तयार असेल तर तो थेट चढवता येतो.

दुसरी गोष्ट पिनियनच्या आधाराची. बहुतेक ॲक्सलमध्ये पिनियनला दातांच्या एकाच बाजूला बेअरिंग असतात. जोर वाढला की पिनियन क्राऊनपासून दूर ढकलला जातो. नऊ इंचीमध्ये दातांच्या पलीकडे आणखी एक बेअरिंग आहे, त्यामुळे पिनियन दोन्ही बाजूंनी धरला जातो.

तिसरी गोष्ट शाफ्ट धरण्याची पद्धत. चाकाकडचे बेअरिंग हाऊसिंगच्या टोकाला पट्टीने बोल्ट करून अडवलेले असते. जनरल मोटर्सच्या अनेक ॲक्सलमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या छोट्या क्लिपने अडवलेला असतो. तिथे शाफ्ट तुटला तर चाकासह तो बाहेर सरकू शकतो.

या ताकदीची किंमतही आहे. नऊ इंचीत पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा सुमारे ५७ मिलिमीटर खाली आहे. मध्यरेषा अशा खाली सरकवलेल्या दातांना हायपॉइड म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने ही दातांची पद्धत विकसित केली आणि पॅकार्डने ती मोटारीत आणली. प्रोपेलर शाफ्ट खाली गेल्याने गाडीचा तळ खाली घेता आला. पण अशा दातांमध्ये फिरण्यासोबत घासणेही जास्त होते. त्यात शक्तीचा थोडा अपव्यय होतो, उष्णता वाढते आणि त्यासाठी जीएल-५ दर्जाचे खास तेल लागते.

दोनशे-अडीचशे अश्वशक्तीच्या हलक्या गाडीला नऊ इंची गरजेपेक्षा जास्त आहे. तिथे फोर्डचाच आठ इंची ॲक्सल पुरतो, आणि तो हलकाही आहे. १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल डिस्क ब्रेकसह मिळतो, म्हणून तोही आवडता. जुन्या वळणाच्या गाडीसाठी टेड हॅलिब्रँड यांनी लोकप्रिय केलेला क्विक-चेंज ॲक्सल आहे. त्याच्या मागच्या झाकणाआड दोन सरळ दातांची चाके असतात, ती बदलली की काही मिनिटांत गुणोत्तर बदलते. तो धावताना बारीक शिट्टीसारखा आवाज करतो आणि अनेकांना तो आवाजच हवा असतो. काही जण जॅग्वारचा १९६१ पासूनचा स्वतंत्र सस्पेन्शनचा ॲक्सल बसवतात, ज्याचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नसून मधल्या हाऊसिंगला लागून असतात.

निवड करताना हबवरच्या बोल्टचे वर्तुळही पाहावे. जुन्या फोर्डला पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळात, नंतरच्या बहुतेक फोर्ड गाड्यांना साडेचार इंचाच्या वर्तुळात आणि शेव्हरोलेला पावणेपाच इंचाच्या वर्तुळात असतात. पुढे एक आणि मागे दुसरे वर्तुळ ठेवले, तर एकच स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही.

गुणोत्तराचा हिशेब

क्राऊनला ३७ दात आणि पिनियनला ९ दात असतील तर गुणोत्तर ४.११ होते. म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या ४.११ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त, आणि इंजिनाच्या फेऱ्याही जास्त.

२८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर व्यासाचा टायर धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक मिनिटाला सुमारे ७४६ फेऱ्या घेते. गिअरबॉक्सचा शेवटचा गिअर सरळ असेल तर ४.११ च्या ॲक्सलवर इंजिन मिनिटाला ३,०६६ फेऱ्या घेईल. ३.५० वर २,६११ आणि ३.०० वर २,२३८. गिअरबॉक्सला ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असेल तर ३.५० च्या ॲक्सलवर इंजिन १,८२८ फेऱ्यांवर शांत चालेल आणि जागेवरून उठतानाची ओढही टिकेल.

म्हणून गुणोत्तर एकटे ठरवता येत नाही. टायरचा व्यास, गिअरबॉक्स, इंजिनाला कुठल्या फेऱ्यांवर ओढ येते आणि मालक गाडी कुठे नेणार आहे, हे चार प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. हलक्या गाडीला लांबच्या रस्त्यावर नेणाऱ्याने ४.११ चा मोह टाळावा.

रुंदी: चाक आधी, ॲक्सल नंतर

ॲक्सलची रुंदी एका बाजूच्या चाक बसण्याच्या पृष्ठभागापासून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठभागापर्यंत मोजतात. १९५७ ते १९५९ च्या फोर्ड स्टेशन वॅगनचे नऊ इंची ॲक्सल साधारण ५७ इंचांचे असतात. जुन्या गाड्यांच्या मडगार्डांत ते फारशी काटछाट न करता बसतात, म्हणून त्यांचा शोध घेतला जातो.

नेहमीची चूक अशी होते की आधी ॲक्सल विकत घेतला जातो आणि मग त्याला बसेल असे चाक शोधले जाते. क्रम उलटा हवा. गाडी तिच्या अंतिम उंचीवर, सपाट जमिनीवर स्टँडवर उभी करावी. ज्या चाकांवर आणि टायरवर गाडी धावणार आहे तीच मडगार्डच्या पोकळीत, ॲक्सलशिवाय, हवी तिथे उभी करावीत. आत चॅसिस आणि पाट्यापासून, बाहेर मडगार्डच्या कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटरची मोकळीक दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी. मग दोन्ही चाकांच्या आतल्या बसण्याच्या पृष्ठभागांमधले अंतर मोजावे. तीच ॲक्सलची रुंदी. ब्रेक ड्रमची किंवा डिस्कची जाडी चाक आणि हब यांच्या मध्ये येते, ती दोन्ही बाजूंनी वजा करावी. मिलिमीटरमध्ये दिसणारा हा फरक टायर मडगार्डला घासू लागला की कळतो.

मिळालेला ॲक्सल रुंद असेल तर तो अरुंद करावा लागतो. हाऊसिंगची टोके कापून आत घ्यायची आणि शाफ्ट त्या मापाचे करायचे. हे काम मशीन शॉपचे आहे. डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागांतून आणि टोकांच्या बेअरिंगच्या जागांतून एक जाड, अचूक घासलेली सळई आरपार घालतात आणि ती जागेवर असतानाच वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड आकसते आणि हाऊसिंग वाकते. सळई नसेल तर हा वाक डोळ्यांना दिसत नाही, पण काही महिन्यांत बेअरिंग खराब होतात आणि तेल गळू लागते. शाफ्टच्या टोकांना पुन्हा खाचा कापतात. मध्ये निमुळता होत जाणारा शाफ्ट मात्र असा छोटा करता येत नाही, कारण खाचांपुरती जाडी तिथे उरत नाही. तिथे नवे शाफ्ट घ्यावेत.

जोराचा नवा मार्ग

आता या कामाच्या गाभ्याकडे येऊ. टॉर्क ट्यूब काढली की तिच्याबरोबर तिची कामेही गेली. ती कोणी तरी करायला हवीत.

हातातल्या ड्रिल मशीनचे बिट लाकडात अडकले की मशीन आपले मनगट उलट दिशेने पिळते. ॲक्सलचेही तसेच होते. चाके पुढे फिरतात तेव्हा हाऊसिंग उलट्या दिशेने फिरू पाहते आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. इंजिन ४०० न्यूटन-मीटर पीळ देत असेल, पहिला गिअर २.५ चा आणि ॲक्सल ३.५ चा असेल तर हाऊसिंगवर ३,५०० न्यूटन-मीटरचा उलटा पीळ येतो. त्याच वेळी टायर रस्त्यावर जवळपास हजार किलो वजनाइतक्या जोराने रेटू पाहतात. इतक्या जोरात हलक्या गाडीचे टायर घसरतील, हे खरे. पण रुंद, चिकट टायर बसवले की ती मर्यादा वर सरकते, म्हणून हिशेबात पूर्ण आकडा धरणेच शहाणपणाचे.

हा जोर पेलण्याचे नेहमीचे मार्ग चार आहेत.

सर्वांत साधा मार्ग लांबीत बसवलेल्या दोन पाट्यांचा. वजन, धक्का, पीळ, बाजूचा जोर हे सगळे पाटेच घेतात. भाग कमी, खर्च कमी आणि दुरुस्ती कुठेही होते. जोर फार वाढला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो आणि चाके आदळू लागतात.

दुसरा मार्ग चार समांतर दांड्यांचा, ज्याला फोर-बार म्हणतात. प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक दांडा ॲक्सलला चॅसिसशी जोडतो. स्प्रिंगने फक्त वजन पेलायचे. वरच्या आणि खालच्या दांड्यांतले अंतर १५० मिलिमीटर असेल तर वरच्या ३,५०० न्यूटन-मीटरच्या पिळासाठी प्रत्येक दांड्यावर सुमारे १,२०० किलो वजनाइतकी ओढ किंवा दाब येतो. पुढे ढकलण्याचा जोर त्यात आणखी मिळतो. ब्रॅकेटची जाडी, वेल्डिंगची खोली आणि बोल्टचा दर्जा यांत तडजोड का चालत नाही, हे या एका आकड्यातून समजावे.

समांतर दांडे बाजूचा जोर घेत नाहीत. त्यासाठी एक आडवा दांडा लागतो, एक टोक ॲक्सलला आणि दुसरे चॅसिसला. फ्रान्सच्या पानार कंपनीच्या नावाने तो ओळखला जातो, अमेरिकेत त्याला पॅनहार्ड म्हणतात. तो शक्य तितका लांब आणि गाडी उभी असताना आडवा सपाट असावा. ६०० मिलिमीटर लांबीचा दांडा असेल तर ॲक्सल ५० मिलिमीटर वर गेल्यावर बाजूला फक्त २ मिलिमीटर सरकतो. ३०० मिलिमीटरचा असेल तर ४ मिलिमीटरहून अधिक. पहिली हालचाल चालकाला जाणवत नाही, दुसरी खड्ड्यांच्या रस्त्यावर जाणवू लागते.

तिसऱ्या मार्गात वरचे दोन दांडे तिरपे बसवून त्रिकोण करतात. तो त्रिकोणच बाजूचा जोर घेतो, वेगळा आडवा दांडा लागत नाही. जागा कमी असलेल्या छोट्या चॅसिसमध्ये हा उपाय नीटस दिसतो. चौथा मार्ग शिडीसारख्या दोन मजबूत दांड्यांचा, ज्यांना लॅडर बार म्हणतात. ते ॲक्सलला घट्ट आणि चॅसिसला एका सांध्यावर जोडलेले असतात. सरळ शर्यतीत ते उत्तम. रोजच्या रस्त्यावर एक चाक वर आणि दुसरे खाली जाताना मात्र ते ॲक्सलला पिळतात.

कुठलाही मार्ग निवडा, बसवण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. स्प्रिंग काढून ॲक्सल फक्त दांड्यांवर ठेवा आणि जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली, मग एकच बाजू वर असे हलवा. कुठे अडकतो, कुठे घासतो, ब्रेकची नळी कुठे ताणली जाते, हे इथेच समजते.

कोन जुळवणे

उघड्या प्रोपेलर शाफ्टला दोन क्रॉस असतात, पुढे एक आणि मागे एक. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा वेगावतो आणि दोनदा मंदावतो. ताशी १०० किलोमीटरला ३.५० च्या ॲक्सलवर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४३.५ फेऱ्या घेतो, म्हणजे हा हेलकावा सेकंदाला ८७ वेळा येतो. तो सीटखाली घरघर होऊन ऐकू येतो.

यावर उपाय दुसऱ्या क्रॉसमध्येच आहे. पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे कोन सारखे असतील, तर पहिल्याने केलेली चूक दुसरा पुसून टाकतो. त्यासाठी गिअरबॉक्सची मध्यरेषा आणि पिनियनची मध्यरेषा एकमेकींना समांतर ठेवाव्यात. इंजिन मागे तीन अंश खाली झुकले असेल तर पिनियन पुढे तीन अंश वर हवा. प्रत्येक क्रॉसचा कामाचा कोन साधारण एक ते तीन अंशांत राहावा. अगदी शून्यही नको, कारण क्रॉसमधल्या बारीक रोलरांना थोडे फिरावे लागते, नाहीतर ते एकाच जागी खड्डे पाडतात.

पाट्यांच्या गाडीत जोर दिल्यावर पिनियनचे नाक एक-दोन अंश वर उचलले जाते. तितके ते आधीच खाली ठेवावे. फोर-बारमध्ये ही हालचाल फारच कमी असते. हे सर्व कोन गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असताना मोजायचे. गाडी हवेत लटकलेली असताना घेतलेले माप निरुपयोगी असते. म्हणून पाट्यांच्या बैठका आधी फक्त टाके देऊन धराव्यात, गाडी खाली उतरवावी, टाकीत पेट्रोल भरावे, कोन तपासावेत आणि मगच पक्के वेल्डिंग करावे.

ॲक्सल चॅसिसला काटकोनात आहे की नाही हेही तेव्हाच पाहावे. १९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला तो सारखा भरला पाहिजे, आणि चॅसिसवरच्या ठरलेल्या खुणांपासून ॲक्सलच्या टोकांपर्यंतची तिरकी मापेही जुळली पाहिजेत. ॲक्सल किंचित तिरका असेल तर गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते.

शाफ्ट, ब्रेक आणि दात

नवा प्रोपेलर शाफ्ट सर्वांत शेवटी बनवावा. गिअरबॉक्समध्ये सरकणारे तोंड पूर्ण आत ढकलून मग दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर ओढायचे आणि दोन्ही क्रॉसच्या मध्यांतले अंतर मोजायचे. ही मोकळीक ठेवली नाही, तर खड्ड्यात ॲक्सल वर येताच शाफ्ट गिअरबॉक्सला मागून ठोसा मारतो. शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा आणि त्याच्या पुढच्या भागाभोवती चॅसिसला लोखंडी कडे बसवावे, म्हणजे क्रॉस तुटला तरी शाफ्ट रस्त्यात रुतणार नाही.

मागे डिस्क आली की ब्रेकचा तोल बदलतो. जोरात ब्रेक दाबताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह नसेल तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गिरकी घेते. अनेक स्ट्रीट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर गाडीच्या तळाखाली, चाकांच्या ब्रेकपेक्षाही खाली असतो. तिथे तेल परत वाहून येऊ नये म्हणून दाब धरून ठेवणारे छोटे व्हॉल्व्ह लागतात, डिस्कसाठी २ पीएसआयचा आणि ड्रमसाठी १० पीएसआयचा. हँडब्रेक हे दुय्यम काम समजून पुढे ढकलू नये.

गाभा उघडलाच असेल तर क्राऊन-पिनियनची जुळणी जाणत्या हातांकडूनच करून घ्यावी. पिनियन किती आत बसला आहे, दातांमधली मोकळीक किती, बेअरिंग किती आवळले आहेत, ही तीन मापे एकमेकांत गुंतलेली असतात. नऊ इंचीत दातांची मोकळीक साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठेवतात. दातांना रंग लावून फिरवले की कुठे दाब पडतो ते उमटते आणि जुळणी बरोबर आहे का ते दिसते. नव्या दातांना पहिल्या दिवशी लांबच्या प्रवासाला नेऊ नये. थोडे अंतर सौम्य चालवून ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा, असे काही वेळा करावे आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे.

आपल्या रस्त्यांवर

हा छंद अमेरिकेत फुलला. तिथल्या अनेक राज्यांत अशा बदललेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते. भारतात चित्र वेगळे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. ती नोंदणी मूळ रूपात जपलेल्या गाडीसाठी आहे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी तिच्यात बसत नाही.

म्हणून मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा पणजीत कोणाच्या घरी आजोबांच्या काळातली गाडी उभी असेल, तर तिचा मूळ ॲक्सल बदलू नका, दुरुस्त करा. बेअरिंग, सील, क्रॉस आणि ब्रेकचे भाग नवे बसवता येतात, जुने हाऊसिंग मात्र पुन्हा बनत नाही. आणि परदेशात राहून कोणी स्ट्रीट रॉड बांधायला घेतलाच, तर काढलेला मूळ ॲक्सल, टॉर्क ट्यूब आणि आडवा पाटा तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवा. नवे ब्रॅकेट शक्य तिथे बोल्टने बसवा, मूळ चॅसिस कापू नका. चॅसिसवरचे जे वेल्डिंग टाळता येणार नाही ते प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्या, आणि ब्रेकची परीक्षा झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.